ज्याचा चेहरा, त्याची कात्री

"मिशीच्या वरून काप," मी म्हणालो.

"मिशीच्या वर नाक हाय," आत्या म्हणाली.

"मग नाकाच्या वरून."

"नाकाच्या वर डोळं, डोळ्याच्या वर कपाळ, कपाळाच्या वर फेटा. फेट्याच्या वरनं कापते."

फेट्याच्या वरून कापलं की पिशवी एवढी मोठी व्हायची, की तिच्यात भाजी कशाला, भाजीवालीसुद्धा मावली असती. पण हौसाआत्यापुढे बोलायची सोय नव्हती. तिने फ्लेक्सवरच्या विक्रमदादा ढवळशंखांच्या फेट्याचा तुरा बोटाने चाचपून पाहिला, तुऱ्याच्या वर चार बोटं जागा सोडली आणि तिथून कात्री फिरवली. चेहऱ्यावर कात्री चालवायची नाही, हा आमच्या कारखान्याचा पहिला नियम होता. दुसरा नियम नव्हता.

कारखाना म्हणजे हिंगणवेलच्या जुन्या बाजारपेठेतलं 'बारटक्के टेलर्स'. आत्या तिथे पंचवीसेक वर्षं ब्लाउज शिवत होती. मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो आणि बसल्या जागी मला कल्पना सुचली होती. आमच्या गावात काहीही झालं की फ्लेक्स लागतो. वाढदिवस, निवड, फेरनिवड, नवी गाडी. एकदा एका बैलाच्या वाढदिवसाचा लागला होता. त्यात शुभेच्छुक म्हणून नऊ जण होते आणि त्या नवांपेक्षा बैलच देखणा होता. आठवड्याभराने हे फ्लेक्स उतरायचे आणि स्टँडच्या मागे जळायचे. धूर अख्ख्या गावाच्या नाकात. मी म्हटलं, जाळायचे कशाला? पिशव्या करू.

आत्याने दुकान दिलं, हात दिले, शेवंता आणि रुखसानाभाभी अशा दोन शिवणाऱ्या दिल्या, आणि वर तो नियम दिला. नियमामुळे आमचा माल आपोआप ठरत गेला. फ्लेक्सवर नेता मोठा असतो, म्हणून नेत्याची बाजाराची पिशवी व्हायची. बाजूचे कार्यकर्ते मध्यम, त्यांची डब्याची पिशवी. खाली ओळीने जे पासपोर्टाएवढे शुभेच्छुक असतात त्यांची मोबाइलची पाकिटं. गावात माणसाची लायकी आमच्या मापावरून कळायला लागली. एक जण तर दुकानात येऊन भांडून गेला, की यंदा मी उपाध्यक्ष झालोय आणि तुम्ही अजून माझं पाकीटच काढता.

माल खपत होता, पण फ्लेक्स जाड, सुया मोडायच्या, आणि शिवणीच्या भोकांतून पाणी गळायचं. आम्हाला हवं होतं गरम हवेने फ्लेक्स चिकटवणारं मशीन. तेवढ्यात सरकारने योजना काढली: चक्रीय उद्योग प्रोत्साहन योजना. टाकाऊ वस्तूपासून माल करणाऱ्याला मशीन आणि शेडसाठी अनुदान. चक्रीय म्हणजे काय, हे विचारायला मी जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने पहिल्याकडे. चक्रीय म्हणजे काय ते मला कळलं.

तरीही अर्ज पुढे सरकत सरकत तपासणीपर्यंत पोचला. गुरुवारी, म्हणजे आमच्या बाजाराच्या दिवशी, अधिकारी मॅडम येणार होत्या. त्यांनी पास केलं तर मशीन. नाही केलं तर मी पुण्याला चुलत्याच्या सिक्युरिटी एजन्सीत. घरात हे ठरलंच होतं. गणवेशही तयार होता. तो आत्यानेच शिवला होता आणि शिवताना अजिबात रडली नव्हती. फक्त छातीचं माप मुद्दाम चुकवलं होतं, म्हणजे अंगात जाऊ नये. आणि मी गेलो की हा पिशव्यांचा खटाटोप सांभाळणार कोण? शेवंता परत द्राक्षाच्या बागेत रोजाने, भाभी परत दुसऱ्यांच्या घरच्या भांड्यांना.

बुधवारी संध्याकाळी नगरपालिकेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली.

मी आनंदाने उडीच मारली. आचारसंहिता म्हणजे गावातले सगळे फ्लेक्स उतरणार! सकाळी पालिकेचा ट्रॅक्टर दारात आला आणि ट्रॉलीभर नेते आमच्या ओट्यावर ओतून गेला. ढीग छपराला लागला. सगळ्यात वर विक्रमदादा हात जोडून झोपले होते. ते नगराध्यक्षपदाला उभे होते. त्यांच्या खाली आण्णा जगधने. तेही उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा दोघं एका ढिगात आले होते.

"कच्चा माल बघून मॅडम खूश होणार," मी म्हणालो.

तेवढ्यात भरारी पथक आलं.

भरारी पथक म्हणजे एक हवालदार, एक व्हिडिओवाला आणि त्यांचे प्रमुख, आमच्या हायस्कूलचे चित्रकलेचे देसावळे सर. मास्तरांना निवडणुकीची ड्युटी लागतेच. व्हिडिओवाला बबलू होता, जो एरवी लग्नं काढायचा. त्यामुळे तो आत आल्या आल्या म्हणाला, "सगळ्यांनी इकडं बघा."

"निनाद," सर म्हणाले, "मी आत्ता बाजारातून आलो. बाजारात पन्नासेक विक्रमदादा फिरताहेत. एकाच्या डोक्यातून मेथी आलेली आहे."

"सर, ती पिशवी आहे."

"तो प्रचार आहे. आचारसंहितेत उमेदवाराचा चेहरा सार्वजनिक ठिकाणी दिसता कामा नये. आणि दिसला, तर त्या पिशवीचा खर्च उमेदवाराच्या नावावर धरला जाणार."

"पण सर, आम्ही आण्णांच्या पण विकतो. समान संधी आहे."

"मग दोघांच्या नावावर. चेहरे झाक."

चेहरे झाकायला सोपा उपाय होता. फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते. आम्ही चौघं बसलो आणि दुकानातल्या सगळ्या पिशव्या उलट्या केल्या. चेहरे आत, पांढरं बाहेर. सरांनी प्रत्येक पिशवी लांबून आणि जवळून पाहिली, जशी आमची निसर्गचित्रं पाहायचे, आणि म्हणाले, "ठीक. पण जरा रिकामं वाटतं."

ते निघतच होते, इतक्यात रिक्षातून तपासणीच्या फडतरे मॅडम उतरल्या. एसटीत उभ्याने आल्या होत्या आणि चारच्या एसटीने परत जायचं होतं. घाम पुसत त्यांनी एक पिशवी उचलली.

"ही कशाची?"

"फ्लेक्सची, मॅडम. टाकाऊ."

"ही तर कोरी दिसते."

"आतून टाकाऊ आहे."

"हे बघा," मॅडम खुर्चीत बसल्या, "मला तुम्हाला पास करायचंय. पण तयार मालात मूळ टाकाऊ वस्तू ओळखू आली पाहिजे, असा नियम आहे. मागे एकाने दुकानातून नव्या बादल्या आणल्या आणि जुन्या टायरच्या म्हणून दाखवल्या. त्याला मी पास केलं होतं. तेव्हापासून मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करत नाही. उलटी करून दाखवा."

"दाखवू नकोस," दारातून सर म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"भरारी पथक."

"मी उद्योग."

दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. बबलूने तो शूट केला.

"मॅडम," मी म्हणालो, "आत चला. माजघरात दाखवतो. तिथे सार्वजनिक काही नाही, फक्त माझा चुलतभाऊ झोपलाय."

"चालेल. पण फोटो काढून अहवालाला जोडावा लागेल."

"अहवाल संकेतस्थळावर जातो का?" सरांनी विचारलं.

"जातो."

"मग प्रचार झाला."

"मॅडम, नंतर या ना," मी म्हणालो. "निवडणूक झाल्यावर."

"तपासणीची मुदत आज संपते. मग फाईल पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी योजना असेल ना?"

"असेल. नाव वेगळं असेल. अर्ज पहिल्यापासून."

माझ्या डोळ्यांपुढे पुण्यातल्या एका सोसायटीचं गेट आलं. मी त्या गेटात उभा होतो आणि शर्टाचं बटण लागत नव्हतं.

"निवडणुकीत नसलेला एखादा चेहरा नाही का?" मॅडमनी विचारलं. बाई खरंच चांगल्या होत्या. आम्ही ढीग उपसला. पण आमच्या गावात फ्लेक्सवर असणं म्हणजे उभं राहण्याची पूर्वतयारीच असते. जो तो कुठल्या ना कुठल्या वॉर्डात उभा होता. तो बैल सापडला. मी आनंदाने ओरडलो. पण बैलाचा मालक वॉर्ड क्रमांक सहामध्ये उभा होता आणि चिन्ह म्हणून बैलगाडी मागणार होता.

शेवटी सरांनाच सुचलं. त्यांनी डोळे बारीक केले, अंगठा हवेत धरला आणि म्हणाले, "कलेच्या दृष्टीने सांगायचं, तर चेहरा मधोमध कापला की तो माणूस राहत नाही. अर्धा चेहरा म्हणजे नक्षी."

"अर्ध्या चेहऱ्यावरूनही फ्लेक्स आहे हे कळतं," मॅडम म्हणाल्या. "मला चालेल."

"मलाही चालेल."

सरकारच्या दोन खात्यांचं एकमत होताना मी पहिल्यांदाच बघत होतो. हवालदारसुद्धा हलले. सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या पायाने मशीन मारत होती. तिने दोरा तोडला.

"कापायचं न्हाई."

"आत्या, एकच. एक चेहरा. मधून."

"न्हाई म्हटलं न्हवं."

"अहो बाई," मॅडम म्हणाल्या, "तुमचंच काम आहे. मशीन मिळेल, शेड मिळेल."

"मिळू द्या. चेहऱ्यावर न्हाई चालवायची."

"अगं पण मी पुण्याला जाईन ना!"

"जाशील की. लांब थोडंच हाय."

शेवंताने पदर तोंडाला लावला. भाभी म्हणाल्या, "हौसाबाई, एक बार सोचो तो." आत्याने सुईत दोरा ओवायला घेतला. सुईत दोरा जाईना. एरवी तिला बघावंही लागायचं नाही.

"मी कापतो," मी म्हणालो.

आत्याने मोठी कात्री उचलून माझ्यापुढे धरली. "काप की. पण आजपासनं कापणारा बी तूच आन् शिवणारा बी तूच. मी माझी ब्लाउजं शिवीन."

मी कात्री घेतली. ओट्यावर विक्रमदादांचा फ्लेक्स पसरला होता. हनुवटीखाली कात्रीचं टोक टेकवलं. दादा माझ्याकडे बघून हसत होते. ते सगळ्यांकडेच बघून हसतात, पण इतक्या जवळून बघितलं की वाटतं, आपल्यालाच हसताहेत. आत्या माझ्याकडे बघत नव्हती. हात पुढे जाईना.

"थांब!" रस्त्यावरून आवाज आला.

खुद्द विक्रमदादा. पाठीमागे दहा-बारा कार्यकर्ते. मी कात्री त्यांच्या गळ्याशी धरलेली. माझ्या तोंडून "नमस्कार दादा" एवढंच निघालं.

दादा ओट्यावर चढले. फ्लेक्सकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं.

"गळ्यावरनं काय कापतोस, गाढवा?" ते म्हणाले. "नाकावरनं काप! मधोमध! सकाळपासनं लोक सांगाय लागलेत, पिशव्यांचा खर्च माझ्या नावावर धरणार म्हणून. ओळखू आलो नाही पाहिजे. कुणालाच!"

पाच वर्षं हा माणूस गावात प्रत्येक खांबावर ओळखू यावा म्हणून धडपडला होता.

"निनाद, कात्री ठेव," आत्या म्हणाली.

"मावशी, अहो माझाच चेहरा आहे," दादा म्हणाले. "मीच सांगतोय."

"तुझाच हाय न्हवं?"

"हो."

"मग तूच काप."

दादांच्या शाळेच्या चड्ड्या आत्याने शिवल्या होत्या. त्यामुळे ती त्यांना अरेतुरे करायची आणि ते ऐकून घ्यायचे. त्यांनी बाह्या सारल्या. मी कात्री दिली. दादांनी आजवर फक्त उद्घाटनाच्या फिती कापल्या होत्या, आणि फ्लेक्स काही फितीसारखा कापला जात नाही. तो सरकतो. हनुवटीपासून ओठापर्यंत आले आणि थांबले. जरा वेळ वाकून स्वतःकडे बघत राहिले.

"ह्यात जरा बारीक दिसतोय मी," ते म्हणाले.

"चार वर्षांमागचा फोटो हाय दादा," एक कार्यकर्ता म्हणाला.

"व्हय." मग नाक, मग कपाळ, मग फेटा. दोन तुकडे झाले. दादांनी घाम पुसला. सरांनी दोन्ही तुकडे लांब धरून पाहिले आणि म्हणाले, "नक्षी."

"आता माझा!" मागून एक शुभेच्छुक ओरडला. तो वॉर्ड दोनमध्ये उभा होता. त्याच्या मागे वॉर्ड पाच. बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. आण्णा जगधने मोटारसायकलवरून आले आणि ढीग बघून म्हणाले, "विक्रमचे किती राहिलेत? मी कापतो. मजुरी नको."

"आपापला," आत्या म्हणाली.

मोठी कात्री एकच. त्यामुळे रांग लागली. मतदानाला लागते त्याहून शिस्तीची. शेवंता प्रत्येकाला कात्री कशी धरायची ते दाखवत होती, भाभी फ्लेक्स ताणून धरत होत्या, बबलू "जरा इकडं बघून कापा" म्हणत होता. आण्णांनी आपला चेहरा एका दमात कापला आणि दादांकडे पाहिलं. दादांनी लगेच दुसरा मागितला. कुणी दाढीपाशी अडखळलं, कुणी गॉगलपाशी. एका अपक्षाचा ढिगात फ्लेक्सच नव्हता. त्याने दोनदा ढीग उपसला. "माझा एकही नाही? मग मी काय कापू?" त्याचे डोळे भरून आले होते. आत्याने त्याला फ्लेक्सच्या कडांच्या लोखंडी रिंगा काढायच्या कामाला बसवलं. त्याने ते फार मन लावून केलं. पुढे तो निवडून आला.

शेवंताने घाईघाईत तुकडे जोडून पिशवी शिवली. तिच्या हाताला लागलेला डावा तुकडा दादांचा होता आणि उजवा आण्णांचा. एक मिशी, अर्धा चष्मा, अर्धा फेटा. सरांनी खिशातली इच्छुक उमेदवारांची यादी काढून पडताळलं.

"असा कुणी उभा नाही," ते म्हणाले. "परवानगी आहे."

मॅडम पिशवीकडे बराच वेळ बघत होत्या. "उभा राहायला हरकत नव्हती," त्या म्हणाल्या. "चेहरा बरा आहे." मग त्यांनी तिचा फोटो काढला आणि अहवालात शेरा लिहिला: 'कच्च्या मालाच्या प्रक्रियेत स्थानिक नेतृत्वाचा उत्स्फूर्त सहभाग. शिफारस करण्यात येते.' निकालानंतर महिन्याभराने मशीन आलं. मागून शेडही आली. मी पुण्याला गेलो तो थेट पिशव्यांची पहिली मोठी ऑर्डर पोचवायला. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी साडेतीनला रांग पांगली. पथक पुढच्या तक्रारीवर गेलं. मॅडम दारावरून जाणाऱ्या चारच्या एसटीची वाट बघत आमच्या ओट्यावर चहा घेत बसल्या. आत्या ढीग आवरत होती. ढिगाच्या तळाशी एक श्रद्धांजलीचा फ्लेक्स निघाला. कुणी म्हातारे गृहस्थ, टोपी, गळ्यात हार. पालिकेच्या माणसांनी घाईत तोही उतरवून आणला असावा. आत्याने तो ओल्या फडक्याने पुसला आणि गुंडाळून बाजूला ठेवला.

"ह्याची पिशवी नाही करत?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई. ह्यो अख्खाच देती मी. कुणाला लागतो त्याला."

"बाई, एक विचारू? मघाशी तुम्ही सगळं सोडायला निघाला होता. एवढं काय आहे त्या चेहऱ्यात?"

मला वाटलं, आत्या नेहमीसारखं "आमच्यात न्हाई कापत" म्हणेल. मीही कधी त्यापुढे विचारलं नव्हतं. आत्या पायरीवर बसली. गुडघे चोळले.

"आमचं हे गेलं," ती म्हणाली, "तवा ह्यांच्या दोस्तांनी चौकात फ्लेक्स लावला हुता. एवढा मोठा. जितेपणी ह्यांचा धड फोटो न्हवता. कुणाच्या तरी लग्नातला शोधून काढला आन् मोठा केला. मी रोज बाजाराच्या निमित्तानं बघून यायची. मग एक दिवस वाऱ्यात गेला. लई हुडकला. स्टँडमागं जाळत्यात तिथं बी बघून आले."

मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेले तेव्हा मी शाळेत होतो. तो फ्लेक्स मलाही आठवत होता. मामांनी त्यात कुणाचा तरी कोट घातला होता.

"सापडला?"

"सापडला की. ऊसतोडीवाल्यांच्या पालावर. त्यांनी वर छप्पर म्हणून टाकला हुता. लांबनं पाठ दिसत हुती नुसती, पांढरी. कडेला दुमडून कोटाची बाही लोंबत हुती, त्याच्यावरनं वळाकला. म्हटलं, मागून घ्यावा, द्यायचं ते देऊ. पालाशी गेले, वाकून आत बघितलं. वरनं हे खाली बघत हुतं. अख्खं तोंड. आन् खाली तान्हं पोर झोपलं हुतं. बाहेर ऊन मरणाचं, पण पोराच्या अंगावर तिरीप न्हाई." तिने पदराने कात्री पुसली. "आता हेच कुणी आडवंतिडवं कापलं असतं, तर वर नुसता एक कान दिसला असता. मला काय कळणार हुतं, कुणाचा हाय?"

"मग तुम्ही घेतला का परत?"

"कशाला?" आत्या म्हणाली. "जितेपणी मी दर पावसाळ्यात बोंबलायची, अहो छप्पर गळतंय, जरा वर चढा. एकदा चढलं न्हाईत."

चारची एसटी समोरून गेली. मॅडमनी हात केला नाही.